रुंदावलेल्या श्वासनळ्यांची दोनशे वर्षे

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लंडन, पॅरिस किंवा बर्लिनच्या इस्पितळातल्या छातीच्या वॉर्डात काही खाटांशेजारी काचेचे उंच भांडे ठेवलेले असे. दिवसभरात निघेल तेवढा सगळा बेडका त्यातच थुंकायचा, अशी रोग्याला ताकीद असे. सकाळच्या फेरीला आलेले डॉक्टर ते भांडे उचलून खिडकीच्या उजेडात धरत. रात्रभर न हललेल्या बेडक्याचे तीन थर झालेले असत. वर फेस, मध्ये पाण्यासारखा पातळ द्रव आणि तळाशी हिरवट-पिवळा पू. झाकण काढले की घाण वास वॉर्डभर पसरे.

हे तीन थर दिसले की निदान जवळपास नक्की व्हायचे. आजाराचे नाव ब्राँकिएक्टॅसिस. फुप्फुसातल्या श्वासनळ्या कायमच्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल पडतात आणि आत साचलेला कफ बाहेर पडेनासा होतो. एकदा रुंदावलेली नळी सहसा पूर्ववत होत नाही. खोकला वर्षानुवर्षे चालू राहतो, दर काही महिन्यांनी ताप येतो, बेडक्याचा रंग बदलतो, कधी रक्त पडते, आणि प्रत्येक वेळी फुप्फुसाचा आणखी थोडा भाग निकामी होतो.

दमा आणि टीबी घरोघरी ठाऊक आहेत. त्यांच्या शेजारीच राहणारा हा आजार मात्र शिकल्यासवरलेल्या माणसालाही सहसा ऐकून माहीत नसतो. तो दुर्मीळ आहे, असे अनेक वर्षे डॉक्टरही मानत. त्याचा दोनशे वर्षांचा इतिहास वाचला तर वेगळेच चित्र समोर येते. वैद्यकाला आत डोकावण्याचे नवे साधन मिळाले की हा आजार सापडे. शेजारच्या एखाद्या आजारावर औषध निघाले की तो पुन्हा विस्मरणात जाई.

निरोगी माणसाच्या छातीतली रचना उलट्या टांगलेल्या झाडासारखी असते. मुख्य श्वासनलिका खोड, तिला दोन मोठ्या फांद्या, त्यांना आणखी फांद्या, असे सुमारे 23 वेळा फाटे फुटत हवा शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोचते. प्रत्येक फाट्याला नळी बारीक होत जाते. या नळ्यांना आतून चिकट स्रावाचे पातळ अस्तर असते आणि त्याखाली डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी सूक्ष्म केस सेकंदाला दहा-बारा वेळा एकाच दिशेने हलत असतात. श्वासातून आलेली धूळ आणि जंतू त्या स्रावात अडकतात, आणि हे केस तो स्राव वर घशाकडे ढकलत राहतात. आपण तो नकळत गिळून टाकतो. हे काम अहोरात्र चालते, म्हणून फुप्फुस स्वच्छ राहते.

कुठल्याही कारणाने ही सफाई थांबली की बिघाडाला सुरुवात होते. लहानपणीचा गोवर किंवा डांग्या खोकला, जोराचा न्यूमोनिया, टीबी, नळीत अडकलेला शेंगदाणा, जन्मजात दोष, कारण कोणतेही असो, पुढची वाट साधारण एकच. साचलेल्या कफात जंतू वाढतात, त्यांना मारायला शरीर पांढऱ्या पेशी पाठवते, आणि त्या पेशींमधली विकरे जंतूंबरोबर नळीची भिंतही खाऊन टाकतात. भिंत कमजोर झाली की नळी फुगते, आणि फुगलेल्या नळीत आणखी कफ साचतो.

या आजाराचे पहिले नीट वर्णन 1819 साली झाले, आणि ते करणारा माणूस होता रने लायनेक. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या कँपेर गावी 1781 साली त्याचा जन्म झाला. आई लहानपणीच गेली. पुढे डॉक्टर असलेल्या काकाच्या आधाराने तो वैद्यकाकडे वळला आणि पॅरिसला आला. 1816 साली नेकर इस्पितळात हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण स्त्री त्याच्याकडे आली. ती स्थूल होती, आणि तरुण स्त्रीच्या छातीला थेट कान लावणे संकोचाचे होते. लायनेकने कागदांची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले आणि दुसरे आपल्या कानाला लावले. हृदयाचे ठोके नुसत्या कानापेक्षाही स्पष्ट ऐकू आले.

लायनेक बासरी वाजवायचा आणि त्याला लाकूड कातण्याची हौस होती. कागदी गुंडाळीवरून त्याने लेथवर लाकडी नळी तयार केली. सुमारे फूटभर लांब, मध्ये आरपार छिद्र असलेली ही नळी म्हणजे पहिला स्टेथोस्कोप. पुढची तीन वर्षे तो जिवंत रोग्याच्या छातीतला आवाज टिपून ठेवी, आणि रोगी दगावला तर शवविच्छेदनात त्याच जागी काय सापडते ते ताडून पाही. या कामातून 1819 साली त्याचा दोन खंडांचा ग्रंथ बाहेर पडला. श्वासनळ्यांच्या रुंदीकरणाचे वर्णन त्यातच आहे. त्याने नोंदवलेल्या रोग्यांमध्ये डांग्या खोकल्यानंतर दगावलेले एक लहान मूल होते, आणि वर्षानुवर्षे खोकत आलेली, पियानो शिकवणारी एक वृद्ध स्त्रीही होती. दोन टोकांच्या वयांत, दोन निराळ्या कारणांनी झालेला हा एकच आजार आहे हे त्याने ओळखले. आजची पाठ्यपुस्तकेही वेगळे काही सांगत नाहीत.

लायनेकची स्वतःची फुप्फुसे मात्र क्षयाने पोखरली होती. 1826 च्या उन्हाळ्यात तो ब्रिटनीला परतला. नात्यातला मेरियादेक डॉक्टर होता. लायनेकने त्याला आपल्याच छातीवर स्टेथोस्कोप लावायला सांगितला. त्याने जे ऐकले त्याचा अर्थ लायनेकनेच ग्रंथात लिहून ठेवला होता. 13 ऑगस्ट 1826 रोजी, वयाच्या 45 व्या वर्षी लायनेक गेला.

नळ्या कशामुळे रुंदावतात, हा वाद त्याच्यामागे बराच काळ चालला. लायनेकचे मत असे की जोराची, वारंवार येणारी खोकल्याची उबळ आणि साचलेला कफ नळीला आतून ताणतात. डब्लिनच्या डॉमिनिक कॉरिगनने 1838 साली उलट बाजू मांडली. नळीभोवतीचे फुप्फुस आक्रसते, तिथे व्रण होतो, आणि तो व्रण नळीच्या भिंतीला चहूबाजूंनी बाहेर ओढतो. आज दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे ठरले आहे. न्यूमोनियानंतर आतून पोखरल्यामुळे नळी फुगते, तर टीबी बरा झाल्यावर राहणाऱ्या व्रणांमुळे ती बाहेरून ओढली जाते.

वादाने रोग्याला मात्र काहीच दिलासा मिळत नव्हता. प्रतिजैविकांपूर्वीच्या काळात हा आजार जडलेल्या माणसाचे हाल आज वाचवत नाहीत. श्वासाला इतकी दुर्गंधी येई की शेजारी बसायला कोणी तयार नसे. नोकरी सुटे, मुलांची शाळा सुटे. बोटांची टोके फुगत, वजन घटे. फुप्फुसातला पू रक्तावाटे मेंदूत जाऊन तिथे गळू होई आणि रोगी त्यातच संपे. उपचार म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोग्याला बंद खोलीत बसवून क्रिओसोटची वाफ देत. डोळ्यांवर पट्टी बांधावी लागे, कारण वाफेने डोळे झोंबत. खोकल्याची मोठी उबळ येऊन कफ सुटावा, हा त्यामागचा हेतू.

याच सुमारास एक साधा आणि आजही टिकून असलेला उपाय पुढे आला. जर्मनीत हाइनरिख क्विंके याने 1898 साली आणि लंडनमध्ये विल्यम एवर्ट याने 1901 साली रोग्याला विशिष्ट स्थितीत निजवून कफ काढण्याची पद्धत मांडली. आजार बहुतेकदा फुप्फुसाच्या खालच्या भागात असतो, आणि उभ्या किंवा बसलेल्या माणसाचा कफ तिथून वर चढू शकत नाही. म्हणून खाटेचे पायथ्याकडचे पाय विटांवर चढवायचे आणि रोग्याला डोके खाली ठेवून कुशीवर किंवा पालथे निजवायचे. मग कफ स्वतःच्या वजनानेच घशाकडे घरंगळत येतो. रोज सकाळी उठल्यावर आणि रात्री निजण्यापूर्वी असे पडून राहिले की दिवस बरा जाई. यासाठी ना औषध लागे ना पैसा. नेमाने करायला धीर मात्र लागे.

आधुनिक वैद्यकशिक्षणाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेले विल्यम ऑस्लर यांना जन्मभर छातीच्या सर्दीचा आणि खोकल्याचा त्रास होता. 1892 साली निघालेल्या त्यांच्या पाठ्यपुस्तकावर डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या शिकल्या, आणि त्यात या आजारावरही मजकूर आहे. 29 डिसेंबर 1919 रोजी ऑक्सफर्डला न्यूमोनिया होऊन, छातीत पू साचून ते गेले. नंतर त्यांच्या दुखण्याचा माग काढणाऱ्या अनेक डॉक्टरांनी त्यांना ब्राँकिएक्टॅसिसच असावा असे मत दिले आहे.

तोवर हा आजार खात्रीने दिसे तो मृत्यूनंतर, शवविच्छेदनाच्या टेबलावर. एक्स-रे 1895 साली आला. पण साध्या एक्स-रेत हवेने भरलेली नळी आणि हवेने भरलेले फुप्फुस यांत फारसा फरक दिसत नाही. ही अडचण सुटली ती खसखशीच्या तेलाने. पॅरिसचा औषधनिर्माता मार्सेल गेर्बे याने 1901 साली खसखशीच्या तेलात आयोडीन मिसळून लिपिओडॉल तयार केले होते. आयोडीनमधून क्ष-किरण पार होत नाहीत. याचा उपयोग करून जाँ-आतानाज सिकार आणि झाक फॉरेस्तिए या दोघांनी 1922 साली ते तेल थेट श्वासनळ्यांत सोडले आणि छातीचा फोटो काढला.

ब्राँकोग्राफी नावाची ही तपासणी रोग्याची परीक्षा पाहणारी होती. घसा बधिर करायचा, मग नाकावाटे नळी घालून किंवा स्वरयंत्राखालच्या पडद्यातून सुई घालून दाट तेल आत सोडायचे. ज्या बाजूचे फुप्फुस पाहायचे त्या कुशीवर रोग्याला वळवायचे, कधी पुढे वाकवायचे, कधी मागे रेलवायचे, म्हणजे तेल हव्या त्या फाट्यात उतरते. खोकला दाबून धरायला सांगायचे, आणि तेवढ्या वेळात भराभर फोटो घ्यायचे. त्यानंतर रोगी तासन् तास तेल खोकून काढत बसे, आणि काही तेल आठवडेच्या आठवडे छातीत राही. पण फोटोत जे दिसे ते आजवर कोणी पाहिले नव्हते. जिवंत माणसाच्या श्वासनळ्या पांढऱ्याशुभ्र उमटत. निरोगी नळी टोकाला निमुळती होत जाई; आजारी नळी सरळ नळकांड्यासारखी मध्येच थांबे किंवा टोकाला गोल पिशव्या होऊन संपे.

ठिकाण कळले तसे सर्जन पुढे झाले. आजार एकाच कप्प्यात असेल तर तो कप्पा कापून काढावा, हा विचार सरळ होता. करणे सोपे नव्हते. छाती उघडली की फुप्फुस आक्रसते, आणि सडलेल्या भागातला पू दुसऱ्या बाजूला जाऊन रोगी गुदमरतो. सुरुवातीच्या काळात अशा शस्त्रक्रियांत मृत्यू फार होत. सॅन फ्रान्सिस्कोच्या हॅरल्ड ब्रनने 1929 साली फुप्फुसाचा कप्पा एकाच बैठकीत काढलेल्या 6 रोग्यांचा अहवाल दिला. त्यांतला एकच दगावला होता. शस्त्रक्रियेनंतर छातीत नळी ठेवून हवा आणि द्रव ओढून घेणे, ही त्याची महत्त्वाची युक्ती होती.

दोन वर्षांनी, 1931 साली, बर्लिनच्या शारिते इस्पितळात 12 वर्षांची एक मुलगी आली. छातीच्या दुखापतीनंतर तिचे डावे फुप्फुस पूर्ण नासले होते. रुडॉल्फ निसेन या सर्जनने ते अख्खे काढायचे ठरवले. माणसाचे पूर्ण फुप्फुस काढून तो जगल्याचे उदाहरण तोवर नव्हते. पहिल्या प्रयत्नात मुलीचे हृदय थांबले. ते पुन्हा सुरू झाले आणि शस्त्रक्रिया तिथेच सोडावी लागली. पुढच्या खेपेस निसेनने फुप्फुसाच्या मुळाशी दोरा घट्ट आवळून छातीत पट्ट्या भरून ठेवल्या. रक्तपुरवठा तुटलेले फुप्फुस सुमारे दोन आठवड्यांनी गळून पडले. मुलगी बरी झाली. निसेन ज्यू होता; 1933 साली नाझी सत्तेवर येताच त्याला जर्मनी सोडून इस्तंबूलला जावे लागले. पुढे अमेरिकेत 1948 साली अल्बर्ट आइनस्टाइनच्या पोटातली फुगलेली महारोहिणी त्यानेच सेलोफेनने वेढली.

1932 साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये कॅमेरॉन हेटनेही अशाच एका मुलीचे फुप्फुस काढले. फुप्फुसाच्या कर्करोगावर 1933 साली झालेली पहिली मोठी यशस्वी शस्त्रक्रिया या पायावरच उभी राहिली. 1939 साली बॉस्टनचे एडवर्ड चर्चिल आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी रोनाल्ड बेल्सी यांनी दाखवून दिले की कप्पाही अख्खा काढायची गरज नाही. त्याचा बिघडलेला छोटा भाग तेवढा वेगळा करता येतो. फुप्फुसाची शस्त्रक्रिया सर्जनांच्या पहिल्या पिढीने शिकली ती मुख्यतः या आजाराच्या आणि टीबीच्या रोग्यांवर. त्यांत मुलांची संख्या मोठी होती.

लंडनच्या ब्राँप्टन इस्पितळात 1930 च्या दशकात विनिफ्रेड लिंटन यांनी शस्त्रक्रियेच्या रोग्यांना श्वासाचे व्यायाम शिकवायला सुरुवात केली. कुठल्या बरगड्यांवर हात ठेवून कुठे श्वास भरायचा, कफ कसा सुटा करायचा, हे त्या बारकाईने दाखवत. छातीच्या फिजिओथेरपीची परंपरा तिथून पसरली.

नेमक्या याच दशकात आजाराचा एक विलक्षण धागा हाती लागला. झुरिकचे डॉक्टर मानेस कार्टागेनर यांनी 1933 साली काही रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. या सगळ्यांच्या श्वासनळ्या रुंदावलेल्या होत्या, सगळ्यांना नाकाजवळच्या पोकळ्यांचा जुना विकार होता, आणि सगळ्यांचे हृदय उजवीकडे होते, यकृत डावीकडे. कीव्हच्या सीवर्ट नावाच्या डॉक्टरने 1904 साली असा एक रोगी नोंदवला होता. कार्टागेनर यांनी मात्र हा योगायोग नाही असे ठामपणे मांडले. खोकल्याचा आणि हृदयाच्या बाजूचा संबंध काय, याचे उत्तर कोणापाशी नव्हते.

उत्तर आले ते 43 वर्षांनी, आणि तेही वंध्यत्वाच्या तपासणीतून. स्टॉकहोमचे ब्यॉर्न अफ्झेलियस इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ज्यांना मूल होत नव्हते अशा पुरुषांचे शुक्रजंतू पाहत होते. काहींचे शुक्रजंतू जिवंत असूनही हलत नव्हते, कारण शेपटीला गती देणारे डायनीन प्रथिनाचे सूक्ष्म हात तिथे नव्हतेच. अशा पुरुषांना जुना खोकलाही होता. शुक्रजंतूची शेपटी आणि श्वासनळीतला सूक्ष्म केस यांची आतली रचना एकच असते. अफ्झेलियस यांनी 1976 साली हे प्रसिद्ध केले. केस हलत नाहीत म्हणून कफ साचतो. गर्भातही असेच केस अवयवांची डावी-उजवी बाजू ठरवण्यात भाग घेतात; ते थांबले की बाजू नशिबावर सुटते आणि सुमारे निम्म्या जणांचे हृदय उजवीकडे जाते. कार्टागेनर आदल्याच वर्षी, 1975 साली वारले होते.

दरम्यान प्रतिजैविके आली. दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलिन सर्रास मिळू लागले. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने 1957 साली दीर्घकाळ प्रतिजैविके देऊन या आजाराच्या रोग्यांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष छापले. छातीच्या आजारांवरच्या सुरुवातीच्या शिस्तशीर चाचण्यांपैकी ही एक. डांग्या खोकल्याची लस आली, 1963 साली गोवराची आली. श्रीमंत देशांतल्या शाळांमधून सतत खोकणारी, फुगलेल्या बोटांची मुले दिसेनाशी झाली. काचेची भांडी वॉर्डातून गेली, शस्त्रक्रिया कमी झाल्या. 1950 साली लिन रीड यांनी कापलेल्या फुप्फुसांचा अभ्यास करून नळकांड्यासारखी, गाठाळ आणि पिशवीसारखी असे रुंदीकरणाचे तीन प्रकार सांगितले. ही वर्गवारी आजही वापरात आहे. पण संशोधकांचे लक्ष दमा आणि धूम्रपानाच्या आजारांकडे वळले. 1980 च्या दशकात या आजाराला इंग्रजी लेखांत अनाथ म्हटले जाऊ लागले.

लंडनच्या पीटर कोल यांनी 1986 साली जंतू, दाह आणि नळीची नासाडी यांचे दुष्टचक्र मांडले तेव्हा विचाराला पुन्हा दिशा मिळाली. तोवर सीटी स्कॅन आला होता. पातळ चकत्यांच्या सीटीत श्वासनळी आणि तिच्या शेजारची रक्तवाहिनी दोन्ही आडव्या कापलेल्या दिसतात. दोन्हींची रुंदी साधारण सारखी असायला हवी. नळी मोठी असेल तर खड्याच्या अंगठीसारखी आकृती उमटते. रेडिओलॉजिस्ट तिला त्याच नावाने ओळखतात. तेल, सुई, घुसमट यांची गरज उरली नाही. काही सेकंदांत चित्र मिळू लागले, आणि ब्राँकिएक्टॅसिस पुन्हा सगळीकडे सापडू लागला. ज्यांना वर्षानुवर्षे दम्याचे किंवा धूम्रपानाचे रोगी समजले जात होते, त्यांच्यातल्या कित्येकांच्या नळ्या रुंदावलेल्या निघाल्या.

भारतात या आजाराचा इतिहास टीबीच्या सावलीत गेला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्याकडे छातीचे दुखणे म्हणजे क्षय, आणि क्षयावर उपाय म्हणजे स्वच्छ हवा. पाचगणीत डॉ. बिलिमोरिया यांनी 1912 साली बेल-एअर सॅनेटोरियम काढले. मिरजेला डॉ. वानलेस यांच्या मिशनचे सॅनेटोरियम उभे राहिले. शिवडी आणि औंध ही नावे तर महाराष्ट्रात आजही टीबीशी जोडली जातात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात अमेरिकन सर्जन रीव्ह बेट्स यांनी 1949 साली छातीच्या शस्त्रक्रियेचा देशातला पहिला विभाग सुरू केला. टीबीने आणि पुवाने खराब झालेली फुप्फुसे हेच तिथले सुरुवातीचे मुख्य काम होते.

मग मद्रासमध्ये 1956 साली सुरू झालेल्या टीबी उपचार केंद्राने मोठी गोष्ट सिद्ध केली. 1959 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात घरी राहून गोळ्या घेणारे रोगी सॅनेटोरियममधल्या रोग्यांइतकेच बरे झाले. जगभरचे टीबीचे धोरण त्याने बदलले आणि असंख्य जीव वाचले. या विजयाची एक बाजू मात्र नजरेआड राहिली. टीबीचा कार्यक्रम जंतू मोजतो. थुंकीत जंतू सापडेनासे झाले, औषधांचा कोर्स पूर्ण झाला, की माणूस बरा झाला अशी नोंद होते. फुप्फुसात राहिलेले व्रण आणि त्यांनी ओढून रुंदावलेल्या नळ्या त्या नोंदीत येत नाहीत.

हे नुकसान किती मोठे आहे, याचा पहिला मोठा अंदाज 2019 साली मिळाला. देशातल्या 31 केंद्रांवर नोंदवलेल्या 2,195 रोग्यांचा अभ्यास लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये प्रसिद्ध झाला. युरोपातल्या नोंदींत पुष्कळदा आजाराचे कारणच सापडत नाही. भारतात सर्वांत मोठे कारण टीबी निघाले. 35.5 टक्के रोग्यांना आधी टीबी होऊन गेला होता. त्याखालोखाल इतर जंतुसंसर्ग, आणि मग दम्याच्या काही रोग्यांत अ‍ॅस्परजिलस बुरशीमुळे होणारा विकार. छातीचे व्यायाम आणि बेडक्याची नियमित तपासणी यांत आपल्याकडची सेवा तोकडी पडते, हेही त्यातून दिसले.

गावोगावच्या दवाखान्यांत याचा परिणाम रोज दिसतो. दहा वर्षांपूर्वी टीबीची औषधे पूर्ण केलेला माणूस पुन्हा खोकतो. कधी बेडक्यात रक्त येते. घरचे घाबरतात, एक्स-रेत जुने डाग दिसतात, आणि थुंकीत टीबीचे जंतू नसतानाही पुन्हा टीबीच्या गोळ्या सुरू होतात. सहा महिने यकृताला त्रास, घरात वेगळे ताट, शेजाऱ्यांची कुजबुज, आणि खोकला तसाच. रक्त जुन्या टीबीने रुंदावलेल्या नळीतून येत असते. फ्रान्सच्या लील शहरातल्या झाक रेमी यांनी 1973 च्या सुमारास मांडीतल्या धमनीतून बारीक नळी नेऊन रक्त सांडणारी वाहिनी आतूनच बुजवण्याची पद्धत दाखवली. आज ती महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांतही होते. पण त्यासाठी आधी योग्य निदान व्हावे लागते.

आता या आजाराकडे लक्ष परत येऊ लागले आहे. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी 2012 साली दाखवले की अझिथ्रोमायसिन आठवड्यातून तीनदा घेतल्याने आजार उफाळून येण्याचे प्रमाण कमी होते. भारतासारख्या देशात ते सुरू करण्याआधी टीबीच्या कुळातले जंतू नाहीत ना, याची खात्री करून घ्यावी लागते. 2022 पासून 1 जुलै हा जागतिक ब्राँकिएक्टॅसिस दिन पाळला जातो. 12 ऑगस्ट 2025 रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ब्रेन्सोकॅटिब या गोळीला मान्यता दिली. या आजारासाठी म्हणून मंजूर झालेले हे पहिलेच औषध. पांढऱ्या पेशींतली भिंत खाणारी विकरे तयार होतानाच ते रोखते, म्हणजे कोल यांच्या दुष्टचक्राची एक कडी तोडते. सुमारे 1,700 रोग्यांच्या चाचणीत आजार उफाळण्याचे प्रमाण त्याने साधारण पाचव्या हिश्श्याने कमी झाले. लायनेकच्या ग्रंथापासून या गोळीपर्यंत 206 वर्षे गेली.

औषध महाग आहे आणि आपल्याकडे सर्वदूर पोचायला वेळ लागेल. पण या आजारावरचे बहुतेक उपयोगी उपाय जुने आणि स्वस्त आहेत. रोज दोन वेळा कफ काढण्याचा व्यायाम, बेडक्याचा रंग बदलताच जंतूंची तपासणी आणि योग्य प्रतिजैविक, फ्लू व न्यूमोकॉकसची लस, धूर आणि तंबाखूपासून दूर राहणे. मुलांना गोवर आणि डांग्या खोकल्याची लस वेळेवर देणे, हा तर आजार होऊच न देण्याचा मार्ग. भारतात डांग्या खोकल्याची लस 1978 पासून आणि गोवराची 1985 पासून सरकारी लसीकरणात फुकट मिळते.

वाचणाऱ्याच्या घरात कोणाला पूर्वी टीबी किंवा जोराचा न्यूमोनिया होऊन गेला असेल, आणि दोन महिन्यांहून अधिक काळ रोज बेडका पडत असेल, तर खोकल्याच्या औषधाची आणखी एक बाटली आणू नये. छातीच्या डॉक्टरांकडे जावे, थुंकीची तपासणी करून घ्यावी, आणि पातळ चकत्यांच्या सीटी स्कॅनची गरज आहे का, हे स्पष्ट विचारावे. टीबीच्या गोळ्या पुन्हा सुरू करायला सांगितल्या तर थुंकीत जंतू सापडले आहेत का, हा प्रश्न न संकोचता विचारावा. निदान ब्राँकिएक्टॅसिसचे निघाले, तर पहिल्याच दिवशी फिजिओथेरपिस्टकडून कफ काढायला शिकून घ्यावे.